रुमालानं भुसा अडत नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमचा ठाण्यात वागळे इस्टेटला फर्निचरचा छोटा गाळा आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता मिस्टर बघतात, मी हिशेब आणि ऑर्डरी सांभाळते. दोन कारागीर आहेत, एक नवा हेल्पर. गेल्या वर्षी ऑर्बिटल सँडर (हातात धरायचा, गोल पॅडचा), बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्याचा) आणि टेबलावरची डिस्क अशा लाकूड घासायच्या तीन मशीन घेतल्या, तेव्हापासून हातानं पॉलिश पेपर मारणं जवळजवळ बंदच झालं. शिवाय ग्राइंडरला पेपरची डिस्क लावूनही काम चालतं. मागच्या महिन्यात हेल्पर लिपिंगचा, म्हणजे प्लायच्या कडेला लावायच्या लाकडी पट्टीचा, छोटा तुकडा घासत होता, बोट डिस्कला लागलं आणि नख गेलं. सासरे अजून रोज गाळ्यावर येतात. त्यांना खूप खोकला आहे, गणपतीत गावी असतात तेव्हा मात्र जवळजवळ नसतो. मिस्टर म्हणतात, सुतारकीत भुसा खायचाच असतो, सगळे तोंडाला रुमाल बांधतात तेवढं पुरे. सध्या नौपाड्यातल्या एका पाडलेल्या चाळीची जुनी सागवानी दारं घासायला आली आहेत. सहा वर्षांचा मुलगा शाळा सुटली की गाळ्यावरच असतो. कुठला मास्क घ्यावा? आणि या मशीन वापरणं कमी करावं का?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. गणपतीत गावी गेले की सासऱ्यांचा खोकला जवळजवळ थांबतो. कामावर असताना वाढणारा आणि कामापासून दूर गेलं की ओसरणारा खोकला दिसला की कामाच्या जागेतून जडलेल्या दम्याचा संशय घ्यायचा असतो. त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि हेच वाक्य जसंच्या तसं सांगा. नुसतं 'खोकला आहे' म्हणालात तर खोकल्याचं औषध मिळेल. 'आयुष्यभर लाकडाच्या भुशात काम केलंय, गावी गेल्यावर बरं वाटतं' असं सांगितलंत तर तपासाची दिशाच बदलते. मशीनमध्ये जोरात फुंकून घेतात ती स्पायरोमेट्री करून घ्या. खासगीत परवडत नसेल तर कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. त्यांची एकच नाकपुडी सतत चोंदलेली राहते का, तिच्यातून अधूनमधून रक्त येतं का, हेही विचारा. तसं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवायचं, आणि त्यात चालढकल करायची नाही.

दुसरी न थांबणारी गोष्ट म्हणजे तुमचा मुलगा आणि ती दारं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. घरगुती रंगांमध्ये 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. चाळीच्या दारांवर त्याच्या कितीतरी आधीचे थर एकावर एक चढलेले असतात. त्यांच्यावर सँडर फिरवला की शिशाची पूड गाळाभर बसते. मूल तिथल्या फरशीवर खेळतं, हात तोंडात घालतं, वहीवर डबा ठेवून खातं. लहान मुलांच्या मेंदूला शिशानं होणारी इजा भरून येत नाही आणि मुलांसाठी शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून ती दारं कोरडी घासणं आजपासून बंद करा. पेंट रिमूव्हर लावा, तेही गाळ्याबाहेर मोकळ्या हवेत आणि रबरी हातमोजे घालून. रंग फुगला की ओला असतानाच रंगाऱ्याच्या पत्र्यानं खरवडा. निघालेला रंग पिशवीत बांधा, तो झाडून पसरवू नका. रंग पूर्ण निघून खाली सागवान दिसलं की मगच मशीन. घासून झालेली दारं असतील तर गाळा ओल्या फडक्यानं पुसून काढा. मुलाच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करावी का, हे मुलांच्या डॉक्टरांना विचारा. मी तुमच्या जागी असते तर केली असती. आणि संध्याकाळची त्याची सोय दुसरीकडे करा. शेजारी, पाळणाघर, काहीही चालेल. मशीन चालू असताना गाळा ही मुलाची जागा नाही.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. भुसा खायचाच असतो, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलं असणार. पण वडिलांच्या हातात रंधा, पटाशी आणि करवत होती. रंध्यातून सालपटं निघतात, करवतीचा भुसा पायाशी पडतो. पेपर हातानं मारायचे तेव्हाही पूड उडायची, पण माणसाचा हात दमायचा आणि पूडही त्या बेतानं निघायची. ऑर्बिटल सँडर मिनिटाला दहा-बारा हजार झटके देतो आणि दमत नाही. 180 किंवा 220 नंबरचा पेपर लावला की निघणारी पूड मैद्याहून बारीक असते. तिच्यातले सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास खाली बसत नाहीत आणि थेट फुप्फुसात उतरतात. जाडा भुसा दिसतो म्हणून आपण त्याला घाबरतो. तो नाकात अडकतो, बराचसा शिंकेबरोबर बाहेर येतो. न दिसणारा भुसा मात्र आत राहतो.

लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 सालीच नोंदवलं आहे. हे सुचलं कुठून, तर इंग्लंडातल्या हाय विकम या खुर्च्या बनवणाऱ्या गावातून. तिथल्या कान-नाक-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या पोकळीतला एक अतिशय दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे येणाऱ्या फर्निचर कामगारांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतोय. 1960च्या दशकात त्यावर अभ्यास झाले आणि संबंध पक्का ठरला. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. सुतारांमध्येही हा रोग विरळच आहे आणि दिसायला अनेक वर्षं लागतात. दमा, सतत वाहणारं नाक, अंगावरची खाज हे त्रास त्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतात. सागवान आणि शिसम यांच्या पुडीनं कातडीला खाज सुटते, हे तुमच्या कारागिरांना विचारलंत तर तेच सांगतील.

युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा 2023पासून दर घनमीटर हवेत 2 मिलिग्रॅम आहे. तुमचा गाळा 20 बाय 25 फुटांचा आणि 12 फूट उंच धरला तर आत साधारण 170 घनमीटर हवा मावते. म्हणजे अख्ख्या गाळ्यात मिळून ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढी पूड तरंगत असली की मर्यादा गाठली. कपाटाचं एक दार पेपर मारून झाल्यावर टेबलावर किती पूड साचते, ते तुम्ही रोज बघता.

मिस्टरांना हे आकडे सांगून पटेलच असं नाही. त्यांना दाखवा. संध्याकाळी सँडर बंद करून दहा मिनिटं होऊ द्या, शटर अर्धं ओढा, दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च छातीच्या उंचीवर आडवा धरा. तुम्ही प्रकाशाच्या बाजूला उभ्या राहा आणि टॉर्चच्या दिशेनं तिरकं बघा. उजेडाच्या पट्ट्यात जे तरंगताना दिसेल, ते सगळे दिवसभर श्वासातून घेत आहेत. नंतर तोच रुमाल तोंडाला बांधून नाकाच्या कडेनं बोट घाला. बोट आत जातं तिथून धूळही जाते.

पण तुम्ही मास्कबद्दल विचारलंत, आणि मी उत्तराची सुरुवात मास्कपासून करणार नाही. मास्क उपयोगी पडतो तो पूड हवेत उडाल्यावर. पूड जिथे निघते तिथेच ती ओढून घेतली तर दोन्ही कारागीर, सासरे, तुम्ही, शेजारचा गाळा, सगळेच वाचतात. म्हणून पहिला पैसा व्हॅक्यूमवर घाला. सँडरला लागून येणारी कापडी पिशवी जाड भुसा धरते आणि बारीक पूड कापडातून बाहेर सोडते. पिशवी काढा आणि त्या तोंडाला व्हॅक्यूमचा पाइप जोडा. साधा घरगुती व्हॅक्यूम नको, तो एका बाजूनं ओढून दुसऱ्या बाजूनं बारीक धूळ परत हवेत फेकतो. कोरडं-ओलं दोन्ही ओढणारा, वीस-तीस लिटरचा आणि हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळही अडवणारी जाळी) बसणारा घ्या. पाइपचं तोंड आणि सँडरचं तोंड बहुतेक वेळा जुळत नाही. तेवढ्यावरून मशीन कोपऱ्यात जाते, असं कितीतरी गाळ्यांत बघितलंय. दोन मापांची तोंडं जोडणारा रबराचा रिड्यूसर मिळतो, नाही मिळाला तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पाइप आवळायची क्लिप यांनीही काम भागतं. व्हॅक्यूमच्या आधी झाकणाच्या बादलीवर बसणारा सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारं नरसाळं) लावला तर भुसा बादलीत पडतो आणि फिल्टर लवकर चोंदत नाही.

इथे एक गोष्ट नीट बघा. सँडरच्या पॅडला भोकं असतात, तुमच्या मशीनला बहुधा आठ. पूड त्या भोकांतूनच वर ओढली जाते. स्वस्त पडतो म्हणून बिनभोकांचा पेपर लावला, किंवा भोकांचा लावला पण वेडावाकडा चिकटवला, तर व्हॅक्यूम कितीही चांगला असो, काही ओढत नाही. तुमच्या गाळ्यातला वापरलेला एखादा पेपर उलटा करून बघा. भोकं जुळलेली असतील तर आठ गोल ठसे स्वच्छ दिसतात. नसतील तर मागच्या बाजूला पूड थापून बसलेली असते आणि मधला वेल्क्रो तापून वितळायला लागलेला असतो.

मशीन दाबायची नाही. तिचं स्वतःचं वजन आणि वर नुसता ठेवलेला हात एवढं पुरे. कारागीर दाबतो तेव्हा पेपर बोथट झालेला असतो. पेपर वेळेवर बदला, दाबायची गरजच उरत नाही आणि हाताला बसणारे हादरेही कमी होतात. संध्याकाळी बोटं बधिर होत असतील किंवा मुंग्या येत असतील तर त्या माणसाला आलटून पालटून दुसरं काम द्या.

गाळा झाडू नका, व्हॅक्यूमनं ओढा. कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकायची सवय सगळीकडे आहे, ती तुम्ही मालकीण म्हणून बंदच करा. त्या एका मिनिटात दिवसभराची पूड पुन्हा हवेत जाते. उन्हाळ्यात कामावर रोखलेला पेडेस्टल फॅनही तेच करतो. मागच्या भिंतीला एक्झॉस्ट असेल तर हवा शटरकडून मागे जाऊ द्या आणि कारागिरानं अशा बाजूला उभं राहावं की पूड त्याच्या तोंडावरून जाणार नाही.

एवढं झाल्यावर मास्क. एन95 किंवा एफएफपी2 घ्या आणि त्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आयएस 9473 हा क्रमांक आहे का बघा. कानामागे अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा चांगला बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची, मग जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे हवा आली तर तो नीट बसलेला नाही. दाढी असेल तर तो नीट बसूच शकत नाही, हे कारागिरांना आधीच सांगा. ओला झाला किंवा श्वास जड जायला लागला की टाकून द्यायचा. आणि हा मास्क मेलामाइन, पीयू अशा पॉलिशचा किंवा थिनरचा वास अडवत नाही. पॉलिशच्या गनसाठी वेगळा, वास शोषणाऱ्या डब्यांचा (कार्ट्रिजचा) मास्क लागतो.

हेल्परचं नख. त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं ना, ते आधी खात्री करून घ्या. आता ते का झालं ते बघू. टेबलावरची डिस्क फिरते तेव्हा तिचा अर्धा भाग खाली जात असतो आणि अर्धा वर येत असतो. खाली जाणाऱ्या बाजूला तुकडा टेकवला तर डिस्क त्याला टेबलावर दाबून धरते. वर येणाऱ्या बाजूला टेकवला तर तुकडा उचलून फेकते, आणि त्याला धरलेलं बोट तसंच पुढे जाऊन डिस्कवर पडतं. बहुतेक मशीनमध्ये समोरून पाहिलं तर डावी बाजू खाली जाते, पण बाणाची खूण बघून खात्री करा आणि वर येणाऱ्या बाजूच्या टेबलावर लाल ऑइल पेंटनं जाडी फुली मारा. टेबल आणि डिस्क यांच्यातली फटही मोजा. ती दीड-दोन मिलिमीटरच्या वर असेल तर लिपिंगसारखी पातळ पट्टी आत खेचली जाते आणि मागोमाग बोट जातं. तळहातापेक्षा छोटा तुकडा हातात धरून डिस्कला लावायचाच नाही. लाकडी चिमट्यात किंवा छोट्या क्लॅम्पमध्ये धरावा. नाहीतर पेपर सपाट फळीवर चिकटवून त्यावर तुकडा घासावा, चार फटक्यांत काम होतं. आणि डिस्कजवळ हातमोजे नकोत. लोकांना ते संरक्षण वाटतं, पण मोज्याचा धागा अडकला की हातच ओढला जातो. तेच मनगटावरच्या गंड्या-दोऱ्याचं, लोंबत्या बाहीचं आणि तुमच्या ओढणीचंही.

बेल्ट सँडरचा पट्टा खालून मागे जातो, त्यामुळे मशीन पुढे पळते आणि खालचा तुकडा मागे, कारागिराच्या पोटाकडे येतो. फळी क्लॅम्प केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. या मशीनच्या स्विचला लॉक असतो आणि खरा धोका तिथे आहे. काम चालू असताना लाइट जाते, कारागीर मशीन तशीच टेबलावर ठेवून चहाला जातो, लॉक तसाच राहतो. लाइट येते तेव्हा मशीन आपोआप टेबलावरून धावत सुटते. म्हणून लाइट गेली की आधी पिन काढायची, मग चहा. पेपर किंवा पट्टा बदलतानाही पिन बाहेर. उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडी लावून खोचलेल्या असतील तर आजच तीन पिनांचा टॉप बसवून घ्या आणि बोर्डाला 30 मिलिअँपचा आरसीसीबी (शॉक बसायला लागला की वीज तोडणारा स्विच) लावायला इलेक्ट्रिशियनला सांगा. पावसाळ्यात गाळ्यात पाणी येत असेल तर याला पर्याय नाही.

ग्राइंडरवर मी कुठलीच तडजोड करणार नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेरे घेतो. त्या वेगानं डिस्कची कड ताशी 200 किलोमीटरच्या वर धावत असते. ऑर्बिटलचा पॅड लाकडावर टेकला की त्याचं फिरणं मंदावतं, ग्राइंडरचं तसं होत नाही. कड गाठीत किंवा चुकेत (छोट्या खिळ्यात) अडकली की मशीन हातातून उसळते. साध्या ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडायला तोंडही नसतं, म्हणजे सगळी पूड हवेत. लाकूड घासण्यासाठी तो बंद करा. आणि कोणी ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावत असेल, तर ते पातं त्याच्या हातून घेऊन मोडून टाका. त्या पात्यानं माणसांचे हात आणि गळे कापले गेले आहेत.

बाकीचं थोडक्यात. एक मीटरवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानाला बोळे हवेत, बेल्ट सँडर चालू असताना तर हवेतच. चष्मा बाजूनंही बंद असलेला घ्या. जुनं लाकूड मशीनखाली घेण्याआधी त्यावर लोहचुंबक फिरवा. राहिलेल्या चुकेवर सँडर गेला की ठिणगी उडते आणि ती थेट भुशाच्या पिशवीत ओढली जाते. पिशवी आणि बादली रोज रात्री रिकामी करून भुसा गाळ्याबाहेर पत्र्याच्या डब्यात ठेवा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा. कामाचे कपडे गाळ्यावरच बदलून घरी वेगळे धुवा.

तर, मशीन कमी कराव्या का? नाही. व्हॅक्यूम जोडलेला ऑर्बिटल हातानं मारलेल्या कोरड्या पेपरपेक्षा स्वच्छ काम करतो. या महिन्यात पैसे एकाच गोष्टीला असतील तर व्हॅक्यूम घ्या, तो येईपर्यंत सगळ्यांना एन95. पुढच्या महिन्यात आरसीसीबी आणि भोकांचे पेपर घाऊक. सासऱ्यांची खुर्ची पेपर मारायच्या जागेपासून हलवून शटरजवळ, हवा येते त्या बाजूला ठेवा. त्यांना घरी बसवू नका, ते ऐकणार नाहीत, आणि लाकूड निवडायला, माप तपासायला त्यांच्याइतकी नजर तुमच्याकडे दुसरी नाही. हेल्परला डिस्कवर परत उभं करायचं ते त्याची जखम भरल्यावर, आणि पहिले काही दिवस मोठ्या कारागिरानं शेजारी उभं राहून.